जकात नाक्यावरचा चित्रकार

थर्ड इयर संपत आलं की हॉस्टेलच्या कट्ट्यावर एक गोष्ट हमखास ऐकू येते. एकदा नोकरी लागू दे, मग गिटार, मग नाटक, मग चित्रं! आणि नोकरी लागलेले सीनियर्स गॅदरिंगला आले की सांगतात, अरे, वेळच मिळत नाही. मित्रांनो, अशा वेळी मला आठवतो पॅरिसच्या जकात नाक्यावरचा एक साधा कर्मचारी, आंरी रूसो. (फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात भेटतो तो विचारवंत रूसो वेगळा. हा त्याच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी जन्मला.)

रूसोचा जन्म २१ मे १८४४ चा, फ्रान्सच्या वायव्य भागातल्या लाव्हाल या गावचा. वडील पत्र्याची कामं करायचे. कर्ज झालं आणि राहतं घर गेलं. शाळेत चित्रकला आणि संगीतात बक्षिसं, बाकी विषयांत सगळा आनंद! पुढे एका वकिलाकडे कामाला लागला, तिथे किरकोळ चोरीत सापडला आणि त्यातून सुटण्यासाठी सैन्यात भरती झाला. १८६८ मध्ये वडील वारले, आईची जबाबदारी अंगावर आली आणि तो पॅरिसला आला. थोरामोठ्यांच्या चरित्रात शोभेल अशी ही सुरुवात नव्हेच.

१८७१ मध्ये त्याला पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी लागली. जकात म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मुंबईत तर ती २०१७ पर्यंत होती. शहरात येणारी दारू, धान्य, सरपण, बांधकामाचा माल, सगळ्यावर वेशीवर कर भरायचा. हा माणूस तिथे पहारा द्यायचा, येणारा-जाणारा माल बघायचा. बढती अशी फारशी मिळाली नाहीच. घरीही सुख बेताचंच. मुलं झाली, पण बहुतेक लहानपणीच गेली. १८८८ मध्ये बायकोही गेली.

या सगळ्यात तो ड्यूटीतून उरलेल्या वेळात चित्रं काढत होता. कुठल्याही कला महाविद्यालयात तो गेला नाही. चाळिशीला आला तेव्हा, १८८४ मध्ये, त्याने लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना मिळवला. १८८६ पासून तो स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनात जवळजवळ दरवर्षी चित्रं मांडू लागला. तिथे निवड समिती नव्हती, त्यामुळे कोणी नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण हसणारे भरपूर होते! त्याच्या चित्रांत माणसांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, पर्स्पेक्टिव्हचा तर पत्ताच नाही. आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये ही शीट दाखवली असती तर पुन्हा काढून आणायला लावली असती. पेपरात छापून आलेली टिंगलसुद्धा हा माणूस कापून वहीत चिकटवून ठेवायचा.

१८९० मध्ये त्याने स्वतःचं एक मोठं चित्र काढलं. डोक्यावर टोपी, हातात ब्रश आणि रंगांची पाटी, मागे पताका लावलेलं जहाज, आकाशात बलून आणि आदल्याच वर्षी पूर्ण झालेला आयफेल टॉवर. नोकरीच्या कागदावर तो जकातीचा माणूस होता, पण या चित्रात जकातीची खूण कुठेच नाही. सगळं पॅरिस मागे आणि पुढे उभा एक चित्रकार! जगाने मान्य करायच्या कितीतरी आधी त्याने स्वतःशी ते ठरवून टाकलं होतं.

पुढच्याच वर्षी आला वादळात दबा धरून बसलेला वाघ. त्याच्या गाजलेल्या जंगल-चित्रांतलं हे पहिलं. गंमत म्हणजे जंगल त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सैन्याबरोबर तो मेक्सिकोला गेला होता अशी वदंता पुढे पसरली, पण खरं तर त्याने फ्रान्स कधी सोडलाच नाही. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातली काचघरं, पेंढा भरलेले प्राणी आणि सचित्र पुस्तकं, एवढीच काय ती सामग्री.

१८९३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. पेन्शन तुटपुंजी. मग व्हायोलिन आणि चित्रकलेच्या शिकवण्या. 'निद्रिस्त जिप्सी' हे चित्र त्याने आपल्या गावाला विकत घ्यायची विनंती केली, गावाने नाकारली. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. भोळेपणाही नडला. एका ओळखीच्या माणसाच्या नादाने बँकेच्या फसवणुकीत अडकला, १९०७ मध्ये अटक झाली. १९०९ च्या खटल्यात वकिलाने त्याचा भाबडेपणा पटवायला त्याचंच चित्र कोर्टापुढे ठेवलं! शिक्षा झाली, पण स्थगित.

त्याला मान मिळाला तो तरुण चित्रकारांकडून. पिकासोने भंगारवाल्याकडे पाच फ्रँकला त्याचं एक चित्र घेतलं. विकणारा ते पुन्हा रंगवण्याचं कापड म्हणून विकत होता. १९०८ मध्ये पिकासोने आपल्या स्टुडिओत त्याच्यासाठी मेजवानी ठेवली. त्यात थोडी थट्टा होती, थोडं खरं कौतुक. म्हाताऱ्याने सगळंच खरं मानलं.

२ सप्टेंबर १९१० रोजी, पायाच्या गँगरीनचं निमित्त होऊन, तो इस्पितळात वारला. अंत्ययात्रेला सात माणसं होती. जग त्याला आजही 'कस्टम अधिकारी' म्हणूनच ओळखतं. हे टोपणनाव त्याच्याच गावच्या लेखक आल्फ्रेड जारीने दिलेलं. खरं तर त्या हुद्द्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता!

त्याचं एक छोटं चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. साधारण १८९० चं. झाडी, लोखंडी फाटक आणि पहाऱ्यावरचे गणवेशातले लोक. तोच जकात नाका. बावीस वर्षं जिथे उभा राहिला ती जागा त्याने शांत, हिरवीगार रंगवली आहे. त्यात तक्रार कुठेच दिसत नाही. नोकरीने त्याचा वेळ खाल्ला हे खरं, पण चित्र काढायला त्याने नोकरी संपायची वाट पाहिली नाही. वाघ आला तेव्हा तो अजून नाक्यावरच होता.