अंगणातील शाळा

एकटेच खेळणारे लहान मूल स्वतःशी बोलत असते. आधी माती, मग पाणी, आता जपून, असे पुटपुटत ते आपले बोळके भरते. मोठ्यांना ती निरर्थक बडबड वाटते. परंतु त्या शब्दांच्या आधारानेच मूल आपल्या हातांना आवर घालीत असते. भाषा आणि संयम अशी जोडीने वाढतात. वयाची पहिली पाच-सहा वर्षे म्हणूनच मोलाची असतात. त्या वर्षांसाठी ताराबाई मोडक यांनी आपले आयुष्य वेचले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. पदवीधर झाल्यावर काही वर्षांनी त्या राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. ते मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. तेथे त्यांनी मादाम मॉन्टेसरी यांची पद्धती आत्मसात केली. या पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. मुले निश्चल बसतात, बाई दुरून हळूच एकेकाचे नाव घेतात आणि ज्याचे नाव येईल ते मूल पावलांचा आवाज न करता उठून जाते. छडीवाचूनच मूल ऐकावयास आणि थांबावयास शिकते.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु मॉन्टेसरीची साधने महाग होती. गोरगरिबांच्या मुलांपर्यंत ती पोहोचणार कशी? वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी बालशिक्षणाचे केंद्र काढले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, गोटे, बिया आणि पाने हीच तेथील साधने झाली. गाणी, गोष्टी व गप्पा यांनी मुलांची जीभ मोकळी झाली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत सुरू झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. या साऱ्या कामात अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पसरले. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचे प्राचीन देवालय ज्या गडचिरोली जिल्ह्यात उभे आहे, तेथील रानांतही आज अंगणवाड्या भरतात. घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी बालके तेथे येतात. त्यांच्या बोलीला जेथे मायेने उत्तर मिळते, तेथे ताराबाईंचे कार्य अजून चालू आहे.