टिळकांनी वाट पाहिली



दुसऱ्याचा न्याय करू नये, ही शिकवण प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दिली. संत मत्तयच्या शुभवर्तमानातला तो सातवा अध्याय वाचताना आम्हां नगरकरांना रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. तरी त्यांना परके म्हणणे आम्हाला जमत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने या ब्राह्मण कवीच्या हाती नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांकडे राहिल्या.

टिळकांचा स्वभाव तापट. लक्ष्मीबाईंनीच तो ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणी रंगवला आहे. अशा माणसाला थांबणे किती जड गेले असेल! पुढे त्या नगरला आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी श्रद्धेची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना आपल्याच विचाराने उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचे पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.