काकनकोटचे सँडरसनसाहेब

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर पसरला. परंतु त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे, आणि तो आपल्या मराठीला फार पूर्वीपासून परिचित आहे. आधी एखाद्या भटक्याने जिवावर उदार होऊन अरण्य तुडवावे, तेथे तंबू ठोकावा आणि कालांतराने त्याच परिसरात पाहुण्यांसाठी निवास उभा राहावा, हा क्रम आफ्रिकेत अनेक ठिकाणी घडला. केनियात एरिक शेरब्रुक वॉकर यांनी १९३२ साली झाडावर उभारलेले ‘ट्रीटॉप्स’ सर्वश्रुतच आहे. आपणा बंगळूरवासी मराठी मंडळींना मात्र असा इतिहास पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. तो म्हैसूरच्या नैर्ऋत्येस, कबिनी नदीच्या काठी, काकनकोट व कारापूरच्या अरण्यात घडला. त्याचा आरंभ ज्यांच्या भटकंतीतून झाला, ते जॉर्ज पेरेस सँडरसन होत.

सँडरसन यांचा जन्म १८४८ सालचा. वडील डॅनियल सँडरसन हे वेस्लियन मिशनचे पाद्री. म्हैसूर संस्थानात त्यांनी कानडी भाषेचा मोठा व्यासंग केला होता. मुलगा १८६४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला. त्यानेही कानडी आत्मसात केली आणि संस्थानच्या पाटबंधारे खात्यात कालव्यांवर देखरेख करण्याची नोकरी मिळवली. त्या वेळी म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनर पाहत असत. नोकरी तशी रुक्षच, परंतु कालवे रानाच्या कडेकडेने जात, आणि तपासणीच्या निमित्ताने या तरुण अधिकाऱ्याचे पाय रानातच अधिक वळत. चामराजनगरजवळ, बिळिगिरीरंगन डोंगरांच्या दिशेस, त्यांनी बंगला बांधला. डोंगरातील सोलिगा लोकांबरोबर माग काढीत ते दिवसेंदिवस हिंडत. हिवतापाने ओस पडलेली खेडी आणि हत्तींनी तुडवलेली शेते त्यांनी तेथेच पाहिली. तोवर शिकारी म्हणून त्यांचे नाव झालेच होते. परंतु बंदुकीपेक्षा निरीक्षणाची ओढ त्यांना अधिक होती, असे त्यांचे लेखन वाचून मला वाटते.

हत्ती मारण्याऐवजी ते पकडून कामास लावावेत, असा प्रस्ताव त्यांनी सरकारपुढे मांडला. नवा खर्च मंजूर करून घेणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्यांना सांगावयास नको! त्यातून प्रस्ताव मांडणारा कालव्यांवरचा माणूस. हत्ती पकडण्याचा त्याला अनुभव शून्य. शिवाय एक अपशकुनही आड उभा होता. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हैदर अलीने काकनकोटच्या रानात हाच उद्योग करून पाहिला होता आणि तो फसला होता. यापुढे कोणालाही हे साधणार नाही असे सांगून, प्रयत्न करणाऱ्यास शाप देणारा शिलालेख त्याने तेथे उभारला, असे सँडरसन यांनी नोंदवून ठेवले आहे.

सँडरसन यांचाही पहिला प्रयत्न फसला. परंतु १८७४ साली चामराजनगरच्या रानात त्यांनी पन्नासहून अधिक हत्ती एका घेऱ्यात पकडले. यालाच खेड्डा म्हणतात. कळपाभोवती काही मैलांचे कडे करावयाचे, रात्रंदिवस शेकोट्या पेटत्या ठेवावयाच्या, आत भक्कम लाकडी कोट बांधावयाचा आणि आरडाओरड करून कळप त्यात लोटावयाचा. मग माहूत पाळीव हत्तींवरून आत शिरत आणि एकेका हत्तीच्या पायांत दोर अडकवीत. पकडलेले हत्ती विकून खर्च तर निघालाच, वर नफाही झाला. पुढे १८७५–७६ मध्ये बंगाल सरकारने त्यांना याच कामासाठी बोलावले आणि चितगावच्या डोंगरांतही त्यांनी मोठे यश मिळवले. १८७८ साली लंडनमध्ये त्यांचा अनुभवग्रंथ निघाला. हत्ती हा स्वभावतः निरुपद्रवी प्राणी आहे हे त्यांनी त्यात सांगितलेच. पण वाघसुद्धा हरणे व डुकरे आटोक्यात ठेवून शेतकऱ्याचे हितच करतो, असेही मांडले. शिकाऱ्याने त्या काळी असे लिहावे, हे विशेष.

या उद्योगाची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. दोर आवळून झालेल्या जखमांनी, नाहीतर माणसाळविण्याच्या काळातील हालांनी, पकडलेल्या हत्तींपैकी कितीतरी दगावत. कळपातून तोडलेल्या पिलांची गोष्ट तर बोलावयासच नको.

१८८९ साली इंग्लंडचे राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर म्हैसूरला आले, तेव्हा काकनकोटला खेड्डा झाला, आणि तो राजेशाही पाहुण्यांना दाखविण्याचा सोहळा बनला. नदीकाठी छावण्या पडू लागल्या, महाराजांचे शिकारनिवास उभे राहिले. हे वैभव सँडरसन यांना फार काळ पाहता आले नाही. १८९२ साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. रुडयार्ड किपलिंग यांच्या तूमाईच्या कथेतील पीटरसनसाहेब त्यांच्यावरूनच रेखाटले, असे मानले जाते. त्याच कथेवरून १९३७ साली ‘एलिफंट बॉय’ हा चित्रपट आला, आणि त्यातील साबू हा मुलगा म्हैसूरच्या हत्तीखान्यातलाच!

शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. कबिनीवर धरण बांधले गेले आणि खेड्ड्याच्या परिसराचा बराच भाग पाण्याखाली गेला. १९८० साली कर्नाटक सरकारने नेपाळमधील ‘टायगर टॉप्स’च्या सहकार्याने ‘जंगल लॉजेस’ ही संस्था स्थापन केली, आणि कारापूरच्या जुन्या शिकारनिवासाच्या आवारात पाहुण्यांची सोय झाली. मूळचे शिकारी असलेले कर्नल जॉन वेकफील्ड यांनी ते ठिकाण नावारूपाला आणले आणि २०१० साली निधन होईपर्यंत ते तेथेच राहिले.

सँडरसन कालव्यांच्या पाण्यामागून हत्तींपर्यंत पोहोचले होते. आता धरणाच्या पाण्यामागून हत्तीच येतात. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते. मग एका बाजूने नागरहोळेचे आणि दुसऱ्या बाजूने बंदीपूरचे कळप खाली उतरतात. ते पाहावयाचे असतील तर मार्च ते मे हा काळ उत्तम. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की निघावे.