टेबल सॉचं पातं तिरकं का बसतं? मुंबई गोदीतल्या आर्देशीर वाडियांची गोष्ट

बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान, ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला टेबल सॉ आणि पहिल्याच कापाला फळीच्या कडेवर काळा जळका पट्टा. चंद्रपूर-गडचिरोलीत फर्निचरचं काम नव्यानं सुरू करणाऱ्याला हा अनुभव येऊ शकतो. पहिला संशय जातो पात्यावर. नवीन पातं आणलं जातं, पण डाग तसाच राहतो. कारण अनेकदा पातं बोथट नसतंच, ते तिरकं बसलेलं असतं.

यंत्र विकत घेणं वेगळं आणि ते सरळ बसवणं वेगळं. या दुसऱ्या कामावर ज्यांनी नाव कमावलं असे एक इंजिनिअर पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत होते: आर्देशीर कर्सेटजी वाडिया.

सागवानाच्या घरात जन्म

वाडिया म्हणजे जहाजं बांधणारं पारशी घराणं. मूळ पुरुष लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या या घराण्यानं मुंबई गोदीत ईस्ट इंडिया कंपनीसाठी आणि ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधली. त्यांचं लाकूड चंद्रपूरचं नव्हतं, ते मुख्यतः मलबार किनाऱ्यावरून यायचं. पण गुण तेच: सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि आकारही सोडत नाही. 1817 मध्ये मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानाला आज जो मान आहे, तो याच गुणांमुळे.

आर्देशीर यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1808 चा. 14 व्या वर्षी ते गोदीत कामाला लागले. घरचा धंदा लाकडाचा आणि शिडांचा, पण या मुलाचं मन रमलं वाफेच्या यंत्रात. पंचविशीच्या आसपास त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बनवलं. 1834 मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. मुंबईत शिवणयंत्र, फोटोग्राफी आणि इलेक्ट्रोप्लेटिंग आणण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. आजच्या भाषेत सांगायचं तर नवीन गॅजेट दिसलं की ते उघडून बघणारा माणूस!

नोकरी मोठी, नजरा त्याहून मोठ्या

1839 मध्ये ते इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले आणि तिथे वाफेच्या यंत्रांचं काम जवळून शिकले. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय फेलो श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड झाली 1918 मध्ये, म्हणजे तब्बल 77 वर्षांनी.

त्याच 1841 मध्ये कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य इंजिनिअर आणि यंत्र निरीक्षक झाले. त्यांच्या हाताखाली युरोपीय फोरमन आणि कारागीर होते. गोऱ्यांवर एका हिंदी माणसाची हुकमत ही गोष्ट त्या काळात अनेकांना रुचली नाही. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातही टीका झाली. अशा खुर्चीवर बसल्यावर एखादा शाफ्ट तिरका बसला, बेअरिंग तापून बोट बंद पडली, तर बोट कोणाकडे दाखवलं जाणार हे उघड होतं. तरीही 1857 मध्ये निवृत्त होईपर्यंत, सोळा वर्षं, त्यांनी हे पद सांभाळलं.

अमेरिकेहून आलेली यंत्रं

1849 मध्ये आर्देशीर अमेरिकेला गेले. तिथली लाकूड कापायची यंत्रं बघून ते भारावले आणि मुंबई गोदीसाठी त्यातली काही त्यांनी विकतही घेतली. हाताच्या कापणीत ओंडका खड्ड्यावर ठेवायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. घाम, भुसा आणि दिवसभराचं काम. अमेरिकेतल्या गिरण्यांत मात्र गोल पात्याची करवत तोवर सर्रास वापरात आली होती.

पण हाताची करवत आणि गोल पातं यांत एक मोठा फरक आहे. हातकरवत वाकडी चालली तर सुताराला हाताला कळतं, तो तिला वळवतो. गोल पातं जागेवर घट्ट असतं, ते लाकडाचं ऐकत नाही. ते बसवताना जी चूक राहिली, ती प्रत्येक फळीत उतरते. म्हणून अशा यंत्राला चालवणाऱ्याआधी तपासणारा लागतो. आर्देशीर यांच्या हुद्द्यातच ते काम लिहिलेलं होतं: यंत्र निरीक्षक.

तुमच्या टेबल सॉवर हीच तपासणी

समजा पात्याची पुढची आणि मागची बाजू यांत 1 मिलिमीटरचा फरक आहे. मग मागचे दातही लाकडाला घासतात. 3 मिलिमीटरचा काप जवळपास 4 चा होतो. 20 कापांत सुमारे 2 सेंटिमीटर सागवान भुश्यात गेलं! शिवाय मागचे दात खालून वर येत असतात. लाकूड तिथे अडकलं तर ते उचलून थेट तुमच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात, आणि खरा धोका हा आहे.

1. प्लग काढा. नुसतं स्विच बंद करून भागत नाही.
2. पातं पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करनं खूण करा.
3. टेबलवरच्या मायटर स्लॉटमध्ये न हलणारी, घट्ट बसणारी लाकडी पट्टी घाला. तिला एक आडवा तुकडा जोडून त्यात स्क्रू बसवा. पट्टी सरकवून स्क्रूचं टोक पुढे आणलेल्या खुणेच्या दाताला जेमतेम टेकवा.
4. आता पातं हातानं फिरवून तोच दात मागे न्या, पट्टीही मागे सरकवा. दात तोच हवा, नाहीतर पात्याचा स्वतःचा बाकदेखील मोजला जाईल.
5. मागे फट दिसली तर झेरॉक्सचा साधा कागद घालून बघा. त्याची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. एका कागदापर्यंतचा फरक चालतो. स्क्रू दाताला अडकत असेल तर पातं उलट बाजूला तिरकं आहे.
6. फरक जास्त असेल तर टेबलखाली मोटर आणि पातं धरून ठेवणारे बोल्ट थोडे सैल करा, लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळा. आवळताना पातं पुन्हा हलतं, म्हणून परत मोजा.
7. शेवटी बाजूची फेन्स त्याच स्लॉटला समांतर करा आणि गुण्या लावून पातं टेबलाला काटकोनात आहे का बघा. फेन्स मागच्या बाजूला एखाद्या कागदाइतकी उघडी चालेल, पण पात्याकडे झुकलेली अजिबात नको.

स्वस्त सॉ वाहतुकीत हलतो, बोल्ट कंपनानं ढिले होतात. त्यामुळे ही तपासणी एकदाच करून सोडून द्यायची नाही.

शेवटची वर्षं

1851 मध्ये आर्देशीर यांची लौजी फॅमिली ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे भाग त्यांनी आपल्या घरच्या ओतशाळेत बनवले होते. निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी सिंधमध्ये कोटरीला सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या कंपनीत काम केलं. नंतर ते इंग्लंडमधल्या रिचमंडला राहिले आणि तिथेच 16 नोव्हेंबर 1877 रोजी त्यांचं निधन झालं. 1969 मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

त्यांच्या डोळ्यांदेखत सागवानी शिडाच्या जहाजांचा जमाना ओसरला आणि लोखंड, वाफ आली. घराण्याची कला मागे पडत असताना ते रडत बसले नाहीत, नवीन यंत्र शिकले आणि ते स्वतः तपासायला उभे राहिले. तुमच्याकडे त्यांच्यासारखी फॅक्टरी नसेल, पण एक स्क्रू, एक पट्टी आणि झेरॉक्सचा एक कागद नक्की आहे. उद्या सागवानाची फळी पात्यावर ठेवण्याआधी आधी पातं मोजा.