गिटार न वाजवता गिटारला आवाज देणारा हिशेबनीस : लिओ फेंडर

बालाघाट : वारासिवनी असो, लांजी असो की तुमसर-गोंदिया, नवरात्रात किंवा लग्नसराईत ऑर्केस्ट्रा लागला की स्टेजच्या कोपऱ्यात गिटारवाला दिसतो आणि त्याच्या पायाशी एक चौकोनी पेटी. पब्लिक गिटारकडे पाहते, पेटीकडे कोणाचं लक्ष नसतं. पण वीज नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा छेडून पाहा. दोन हातांवरच्या माणसालाही जेमतेम ऐकू येईल. गाण्यात आपण जो आवाज ऐकतो, तो त्या पेटीत घडतो. तिला ॲम्प्लिफायर म्हणतात, कलाकारांच्या भाषेत नुसतं ॲम्प.

या पेटीला आणि तिच्या आवाजाला आज जे वळण आहे, त्यातलं बरंचसं एका माणसाच्या हातचं आहे. लिओ फेंडर. अमेरिकेतल्या या माणसाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, गिटार वाजवायलाही तो कधी शिकला नाही. कॉलेजात त्याने विषय घेतला होता हिशेबाचा.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, फुलर्टन आणि ॲनाहाइम या गावांच्या मधल्या भागात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी गाठीच्या आजारामुळे लिओ यांचा डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला.

तेराव्या वर्षी एका नातेवाइकांकडून एक खोका आला. त्यात जुने सुटे भाग आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी त्या नातेवाइकांच्या दुकानात गेल्यावर त्यांनी स्वतः जोडलेला रेडिओ लिओ यांनी ऐकला. भोंग्यातून निघणारा तो मोठा आवाज त्यांच्या डोक्यात कायमचा बसला. घरी परतल्यावर पोराने रेडिओ उघडणं सुरू केलं. शिकवणारा कोणी नव्हता. उघडायचं, पाहायचं, परत जोडायचं, एवढीच शाळा.

कॉलेजमध्ये मात्र पोटापाण्याचा विचार करून अकाउंटिंग घेतलं. पुढे बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत, मग रस्ते खात्यात, मग टायरच्या कंपनीत हिशेबाची नोकरी केली. याच काळात नाचगाण्याच्या एका बँडच्या म्होरक्याने त्यांच्याकडून सहा लाउडस्पीकर संच बनवून घेतले. तो मंदीचा काळ होता, नोकऱ्या टिकत नव्हत्या. टायर कंपनीतलं कामही गेलं, तेव्हा १९३८ मध्ये लिओ यांनी ६०० डॉलर कर्ज काढलं आणि फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

आपल्याकडेही त्या काळात मुंबईच्या मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे लाउडस्पीकर काँग्रेसच्या सभांमध्ये लागत होते. दोन्हीकडे यंत्राचा जीव एकच होता. काचेचा व्हॉल्व्ह.

कालव्याच्या दारासारखा व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हचं काम शेतकऱ्याला लगेच समजेल. कालव्याचं दार हाताने थोडं फिरवलं की मागचं केवढं तरी पाणी कमी-जास्त होतं. हाताचा जोर थोडा, पाण्याचा जोर मोठा. व्हॉल्व्हमध्ये गिटारकडून येणारी बारीकशी वीज त्या हातासारखी असते, आणि मागे अडवलेली वीज असते शेकडो व्होल्टची. बारीक हालचालीची मोठी नक्कल तयार होते. ती ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरकडे जाते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पट्ट्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, आणि मलाजखंडच्या जिल्ह्यात तांबं काय चीज आहे हे सांगायला नको.

नक्कल हुबेहूब असेल तर आवाज स्वच्छ येतो. बटण जास्त फिरवलं की व्हॉल्व्हची ताकद संपते, लहरीची टोकं दबतात आणि आवाज फाटतो. रेडिओत हा दोष. गिटारमध्ये मात्र हाच फाटका आवाज पुढे लोकांना इतका आवडला की सगळं रॉक संगीत त्यावर उभं राहिलं.

ऐकायचं आणि बदलायचं

दुकानात गावातले वादक बिघडलेले ॲम्प घेऊन यायचे. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत लिओ यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटार आणि छोटे ॲम्प बनवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी कॉफमन बाहेर पडले आणि लिओ यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली.

त्यांची पद्धत साधी होती. मूळ सर्किट बहुधा व्हॉल्व्ह कंपन्यांनी छापलेल्या नमुन्यांवरून घ्यायचं, जोडायचं आणि वादकाच्या हाती द्यायचं. वादक सांगेल की खर्ज गढूळ येतो, वरचे स्वर टोचतात, ढोलाच्या पुढे टिकत नाही. मग एखादा कंडेन्सर बदलायचा, एखादा रेझिस्टर कमी-जास्त करायचा, परत ऐकायला लावायचं. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे वाजवणाऱ्याचं म्हणणं खोडून काढायचा प्रश्नच नव्हता. खतावणीचा मेळ लागेपर्यंत जसं एकेक नोंद तपासावी लागते, तसंच हे काम.

१९५० च्या दशकातला त्यांचा छोटा ‘चॅम्प’ पाहिला तर ही काटकसर दिसते. पुढे एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, मागे एक ६व्ही६, वीज सरळ करायला तिसरा व्हॉल्व्ह. आठ इंची एकच स्पीकर आणि आवाजाचं एकच बटण. ताकद सुमारे पाच वॉट. शिकाऊ पोरांसाठी बनवलेली ही पेटी बटण पूर्ण फिरवलं की अशी गोड फाटायची की मोठमोठे कलाकार तिच्या मागे लागले. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये लैला-मजनूच्या कहाणीवरून नाव घेतलेला ‘लैला’ अल्बम केला, तेव्हा स्टुडिओत हाच छोटा चॅम्प वापरला.

मोठ्या पेट्याही निघाल्या. बेस गिटारसाठी बनवलेला ‘बासमन’ साध्या गिटारवाल्यांनीच पळवला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास पहिला मार्शल ॲम्प बनला, तोही बासमनचं सर्किट समोर ठेवूनच. डिक डेल यांच्या जोरदार वादनापुढे ॲम्प आणि स्पीकर जळू लागले, तेव्हा लिओ यांनी वादकाला आवर घाला म्हणून सांगितलं नाही. जास्त ताकदीचा ॲम्प आणि पंधरा इंची दणकट स्पीकर आणला. दरम्यान टेलिकास्टर गिटार, प्रिसिजन बेस आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर यांनी त्यांचं नाव जगभर केलं.

या सगळ्या वस्तूंमध्ये एक खूण सारखी आहे. त्या दुरुस्तीवाल्याने दुरुस्तीवाल्यासाठी बनवल्या होत्या. गिटारचा दांडा स्क्रूने बसवलेला, खराब झाला की काढून दुसरा लावा. ॲम्पमध्ये सुटे भाग एका पट्टीवर ओळीने सोल्डर केलेले, पेटीच्या आत व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला. ज्याला सोल्डरिंग येतं, त्याला पाहून समजेल अशी मांडणी.

विक्री आणि उतरलेला आवाज

सायनसच्या जुनाट संसर्गाने लिओ खचले. आता आपण फार दिवसांचे सोबती नाही असं त्यांना वाटू लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला विकली. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. ६०० डॉलरच्या कर्जापासून सत्तावीस वर्षांत इथपर्यंत. धंद्याच्या हिशेबाने याहून चांगला सौदा कोणता?

पण कानाचा हिशेब वेगळा निघाला. नव्या मालकांच्या काळात, १९६७ च्या अखेरीपासून, ॲम्पच्या सर्किटमध्ये बदल झाले. आवाज जास्त स्वच्छ यावा, यंत्र स्थिर राहावं हा हेतू. वादकांना मात्र तो आवाज कोरडा वाटला. मग गावोगावचे मेकॅनिक हे चंदेरी पट्टीचे ॲम्प उघडून, वाढवलेले भाग काढून, आधीच्या काळ्या पट्टीच्या ॲम्पसारखी जोडणी परत करू लागले. हे काम अजून चालू आहे. लिओ यांनी पेटी उघडता येईल अशी ठेवली नसती, तर ते जमलंच नसतं.

छोट्या चॅम्पवरही असेच प्रयोग होतात. जास्त चांगला स्पीकर लावला की सगळ्यात आधी फरक कळतो. स्पीकरकडून मागच्या टप्प्याला परत जाणारी तार, जी आवाजाला लगाम घालते, ती सोडवली की आवाज मोकळा आणि खरखरीत होतो. जुने फिल्टर कंडेन्सर बदलले की गुणगुण थांबते. मात्र इथे हौशीने हात घालू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. शिवाय अमेरिकेसाठी बनलेला जुना ॲम्प आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर जळतो. व्हॉल्व्हचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडूनच ते करून घ्यावं.

शेवटपर्यंत टेबलावर

विक्रीनंतर दुसऱ्या डॉक्टरच्या उपचाराने लिओ बरे झाले. पैसा भरपूर होता, पण घरी बसणं जमेना. काही वर्षं जुन्या कंपनीचे सल्लागार राहिले, मग ‘म्युझिक मॅन’मध्ये गेले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन आणि डेल हायट यांच्यासोबत ‘जी अँड एल’ काढली. पार्किन्सनने हात थरथरू लागले तरी कारखान्यात जाऊन टेबलावर काहीतरी उघडून बसणं सुटलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले. पुढच्या वर्षी रॉक संगीताच्या मानाच्या दालनात, आयुष्यात कधी गिटार न वाजवलेल्या या माणसाचं नाव लागलं.

आजचे बरेच ॲम्प चिपवर चालतात, हलके आणि स्वस्त असतात. बिघडले की बोर्डच बदला म्हणतात, नाहीतर नवीनच घ्या. फेंडर यांच्या हयातीतले व्हॉल्व्हचे ॲम्प मात्र साठ-सत्तर वर्षांनंतरही कोणत्या तरी मेकॅनिकच्या टेबलावर पाठ उघडी करून पडलेले सापडतात, आणि एक कंडेन्सर बदलला की परत वाजतात.