कमलताई आणि त्यांचे उंदीर

आमच्या इंदापूर-बारामतीकडे उंदराचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. फडात शिरला की ऊस कुरतडतो, घरात शिरला की धान्याची नासाडी करतो. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगावर मुंबईला उपचार घेणाऱ्या माझ्या आत्याला जेव्हा कळलं, की अशी औषधं आधी उंदरांवर करून पाहतात, तेव्हा तिचा औषधावरचा विश्वासच उडाला. उंदराला मानवलं ते माणसाला कसं मानवेल, असा तिचा रोखठोक सवाल. पुढच्या खेपेला यायचंच नाही, असं तिनं परतीच्या वाटेवर भिगवण येईपर्यंत ठरवूनही टाकलं.

उत्तराच्या शोधात मी डॉ. कमल रणदिवे यांच्यापर्यंत पोचलो.

त्या माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरच जावई मिळावा, ही त्यांची इच्छा. मुलीनं यातलं काहीच केलं नाही. १९३९ साली गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं, आणि १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर. सीताफळावरून थेट कर्करोगावर! पण पेशी कशी विभागते, आईबापांचं काय उचलते, हे कोडं दोन्हीकडे एकच.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारखे गुरू लाभले. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या शिकून आल्या. परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या कामाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली.

आणि उंदीर? स्तनाच्या कर्करोगाकडे कल असलेल्या आणि नसलेल्या उंदरांच्या जाती ताडून पाहत त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचे धागे शोधले. अशी शुद्ध जात बाजारात मिळत नाही. सख्ख्या भावंडांचा वीसेक पिढ्या संकर करावा लागतो, प्रत्येक पिल्लाची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे घराण्याची वंशावळ तरी कुणी इतकी नीट ठेवतं का?

तरीही आत्याचा सवाल खोटा नव्हता. उंदराची प्रतिकारशक्ती उंदराचीच. परकी माणसाची गाठ ती टिकू देत नाही. प्रतिकारशक्तीच जागी करणारी औषधं आल्यावर तर ही अडचण फारच बोचू लागली. १९८८ मध्ये अमेरिकेत यावर तोड निघाली. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत संशोधकांनी माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी रुजवल्या. आता नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी टोचतात; उंदराच्या अंगात माणसाची पांढऱ्या पेशींची फौज तयार होते. मग त्यात माणसाची गाठ रोवायची आणि औषध द्यायचं. ही फौज अपुरी असते, कधी ती उंदरावरच उलटते. म्हणून माणसांवरची चाचणी काही टळत नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या ज्या देशी पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्याचीही आधी मुंबईत माणसाच्या कर्करोगपेशी टोचलेल्या उंदरांवर परीक्षा झाली होती.

कमलताईंनी १९७३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत त्या खेड्यापाड्यांतून हिंडल्या. २००१ मध्ये त्या गेल्या.

हे सगळं मी आत्याला दोन संध्याकाळी सांगितलं. औषधाबद्दल ती काही बोलली नाही. त्या उंदरांना खायला काय घालतात, एवढंच विचारलं. आणि ठरल्या दिवशी पहाटे पिशवी भरून ओट्यावर येऊन बसली.