आभाळाच्या नोंदी, सणांचे गणित

यंदा दिवाळीत पाऊस पडला, संक्रांतीला थंडीच नव्हती, असे उद्गार दरवर्षी ऐकू येतात. त्यांची शहानिशा करायची तर दोन वह्या शेजारी ठेवाव्या लागतात. एक हवामानाची आणि दुसरी पंचांगाची. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. त्यामुळे केवळ तारखा पाहून सणांच्या हवेचा इतिहास हाती लागत नाही. या दोन्ही वह्या ज्यांच्या हाताखालून गेल्या, असे एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वान म्हणजे विनायक लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षणासाठी ते मुंबईस आले. आरंभीचे मराठी ग्रंथकार सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे त्यांचे चुलते. एल्फिन्स्टन विद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकविणारे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि १८४० मध्ये दरमहा पन्नास रुपयांवर त्याला कुलाबा वेधशाळेत घेतले. तेव्हा केरूनानांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. तेथे चुंबकीय आणि हवामानविषयक नियमित निरीक्षणांना १८४१ मध्ये आरंभ झाला. तापमापक, वायुभारमापक, वाऱ्याची दिशा, पडलेला पाऊस हे सारे ठरल्या वेळी पाहावयाचे आणि जसे दिसले तसे लिहावयाचे. सण असो वा सुतक, नोंद चुकवून चालत नसे. या शिस्तीत केरूनानांनी सुमारे दहा वर्षे काढली. पोथीत काय आहे यापेक्षा आभाळात काय दिसते याला प्रमाण मानण्याची सवय त्यांना येथेच जडली असावी.

१८५१ मध्ये ते अध्यापनासाठी पुण्यास आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी. मराठी मुलांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले ग्रहगणित त्यामुळे मराठीत आले.

कसोटीचा प्रसंग पंचांगाचा होता. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या सोळाव्या शतकातील ग्रंथावरून केली जात. त्यांतील ग्रहस्थिती आणि ग्रहणे प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरूनानांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे नवे गणित मांडले आणि रेवती नक्षत्रातील एक तारा राशिचक्राचा आरंभ म्हणून धरला. आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने हे पंचांग शके १७८७ म्हणजे १८६५ पासून निघू लागले. पुढे ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले.

या गणिताने सूर्याच्या संक्रांती प्रचलित पंचांगापेक्षा सुमारे चार दिवस आधी येऊ लागल्या. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रेही तितकीच अलीकडे सरकली. काही वर्षी अधिक महिनाच निराळा येई आणि मग गणपती, दसरा, दिवाळी यांत महिन्याचे अंतर पडे. शेजारच्या घरी दिवे लागलेले असताना आपण अंधारात बसावे, हे कोणत्या कुटुंबाला रुचणार? गणित बरोबर असले तरी सण हा एकट्याने साजरा करावयाचा नसतो. पटवर्धनी पंचांग मानणारे थोडेच राहिले.

विद्वानांकडूनही आक्षेप आले, पण ते विरुद्ध दिशेचे होते. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांना ही सुधारणा अपुरी वाटली. सण ऋतूंशी बांधावयाचे तर ताऱ्याऐवजी संपातबिंदूच धरला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ते निराधार नव्हते. अयनचलनामुळे दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंशाचा फरक पडतो. म्हणूनच उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावर येते. परंपरा मानणाऱ्यांना केरूनाना फार पुढे गेलेले वाटले, तर सायनवाद्यांना फार मागे राहिलेले. तरीही त्यांनी पंचांग बंद केले नाही.

१८७७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पुत्र नीळकंठ यांनी पंचांगाचे काम चालविले. रेवती ताऱ्याचा पक्ष पुढे लोकमान्यांनी उचलून धरला आणि तो ‘टिळक पंचांगा’च्या रूपाने टिकला. ते मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. १९५७ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने महिने ऋतूंशी जोडले, पण सणांसाठी जुनी निरयन पद्धतच राहिली.

कुलाब्याला पावसाची मोजणी आजही होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्याची नोंद जेमतेम ७३ मिलिमीटरची होती. एकाच शहरातील ही तफावत आठवणींच्या भरवशावर कोणाला पटली नसती. ती पटली मोजलेल्या आकड्यांमुळे. पावसाच्या बाबतीत समाजाने मोजमाप मानले. सणांच्या बाबतीत केरूनानांनी तेच मागितले होते. मराठवाड्यात वाटूरकडचा शेतकरी पेरणीसाठी मृगाकडे डोळे लावतो, तेव्हा त्या नक्षत्राचा खरा दिवस कोणता, हा त्यांचा प्रश्न अजूनही शिल्लक असतो.